पहिल्या तासाला गणित

त्या सकाळी मी रत्नावर चिडून नाक्यावर उभी होते. एप्रिल सरत आला होता, ऊन सकाळीच अंगावर यायला लागलं होतं, आणि आम्हा दोघींना तिच्या स्कूटीवरून गावं फिरायला निघायचं होतं. फ्रीजमध्ये बर्फ केलेली पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मी हातात धरली होती आणि तिचं पाणी व्हायला लागलं होतं. रत्ना मला कधी ताटकळत ठेवत नसे. आल्या आल्या तिला काय काय सुनावायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवत होते, तेवढ्यात तिच्या लेकीचा फोन आला. "मावशी, आईला पहाटं छातीत दुखायलं म्हणून दवाखान्यात आणलं होतं..." रत्ना गेली होती. बाटली कुठे ठेवली ते मला अजून आठवत नाही. स्कूटी मात्र तिच्या दारात पुसून उभी होती, मागच्या सीटवर माझ्यासाठी जुनी चादर घडी करून बांधलेली होती, कारण गेल्या वर्षी सीट भाजते म्हणून मी कुरकुर केली होती.

रत्नमाला ढगे परभणीतल्या आमच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. आमची नोकरी जवळपास एकाच वेळी लागली, टेबलं शेजारी, डबे एकत्र, भांडणंही एकत्र. शाळेचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तेराव्याच्या आत शाळेत शोकसभा झाली. फोटोला हार होता, उदबत्ती होती, पंखा बंद होता. संस्थेचे सचिव बोलायला उभे राहिले, त्यांना आमच्याकडे सगळे 'साहेब' म्हणतात. साहेब म्हणाले, "ढगे मॅडम म्हणजे संस्थेच्या एकनिष्ठ सेविका. कधी उलट शब्द नाही." सगळा स्टाफ खाली बघत होता. मला हसू यायला लागलं आणि ते दाबता दाबता रडू आलं, म्हणून शेजारच्या मॅडमनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. रत्ना कुणाची सेविका नव्हती आणि उलट शब्दाशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे. ती हट्टी होती, तोंडाळ होती, दुसऱ्याच्या डब्यातली चटणी न विचारता संपवायची. माणूस मेला की त्याला गरीब गाय करून सोडायची आपल्याकडे पद्धत आहे. ती पद्धत मी इथे पाळणार नाही. रत्नाने ती पाळू दिली नसती, आणि तिच्याबद्दल जे सांगायचं आहे ते तिला गरीब गाय करून सांगताच येणार नाही.

अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला उन्हाळ्याची सुट्टी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्याबरोबर यावं. आजूबाजूच्या पुष्कळ गावांत शाळा आठवीपर्यंत. नववीला पोरांना शहरात यावं लागतं, आणि ती पोरं आपल्याच शाळेत यावीत म्हणून आम्ही शिक्षक दारोदार हिंडतो. पट टिकला तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर जागा टिकते. पट घसरला की कुणीतरी एक जण 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याची रवानगी जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला होईल सांगता येत नाही. म्हणून कुणी वह्या देतं, कुणी गणवेश, कुणी सायकल. मी एका घरात तीन शाळांचे शिक्षक एकाच सतरंजीवर बसून एकाच किटलीतला चहा पिताना पाहिले आहेत. घरचे म्हातारबाबा आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, बैलबाजारात आल्यासारखे. ज्याला नववीत जायचं तो पोरगा तोवर चिंचेखाली गोट्या खेळत होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

रत्ना त्या पोरालाच आधी विचारायची. ही तिची पहिली खोड. ती स्वतः येलदरीची. वडील धरणावरच्या वीजघरात कामाला होते, आणि नववीला ती रोज एस. टी.ने जिंतूरला जायची. "विषय निवडायचे असतेत हे मला दहावी झाल्यावर कळलं," असं ती सांगायची. "सरांनी पोरींच्या रांगेला सरसकट शिवणकाम लावून टाकलं. मी मान हलवली. मला वाटलं, पावसासारखं असंल, वरून पडतंय ते घ्यायचं." शिवणकामात ती जेमतेम पास झाली. तिच्या ब्लाऊजचं बटण तुटलं तर मीच लावून द्यायची.

दुसरी खोड अशी, की घरात गेल्यावर ती आठवीचे मार्क बघायची नाही, दिवस बघायची. कधी उठतेस, पाणी कोण भरतं, आई शेतात गेल्यावर धाकट्याला कोण सांभाळतं, बस कुठे थांबते, ओढ्याला पाणी आलं की बस येते का, संध्याकाळी परत किती अंधार होतो, अभ्यासाला कुठे बसतेस ती जागा दाखव. मग विषयांवर यायची. सेमी घ्यायचं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, की सगळं मराठीतून. पूर्ण हिंदी की अर्धी हिंदी, अर्धं संस्कृत. "संस्कृतला मार्क लय पडतेत म्हणं," असं एखादा बाप म्हणाला की ती म्हणायची, "पडतेत ना. पण उचलायला पोरगी पायजे की." सगळ्या गावाला एकच सल्ला तिने कधी दिला नाही. एखादीला सेमी घे म्हणायची, तिच्याच चुलत भावाला घेऊ नको म्हणायची, आणि दोघांची आई एकाच चुलीशी बसून ऐकायची.

तिचं चुकायचंही. गंगाखेडकडचा एक हुशार पोरगा नातेवाइकांकडे राहून आमच्याकडे शिकत होता. त्याला तिने दामटून सेमीत बसवला. त्याला यंत्रांचं वेड, गणित तो तोंडी धडाधड करायचा, पण इंग्रजीतला प्रश्न वाचला की अडकायचा. दिवाळीपर्यंत तो पार मिटला. रत्ना स्वतः त्याच्या मामाच्या घरी गेली, सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं चुकलं, ह्याला मराठीत घ्या," आणि मुख्याध्यापकांशी भांडून वर्ष अर्ध्यात असताना त्याची तुकडी बदलून आणली. चूक कबूल करतानाही ती भांडूनच करायची.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते. चार-पाच वर्षांपूर्वी पेडगावच्या पुढच्या एका गावात आम्ही ज्ञानोबांच्या घरी गेलो. त्यांची थोरली भाग्यश्री आठवी झाली होती. ज्ञानोबांनी पाणी दिलं आणि थेट मुद्द्यावर आले.

"मॅडम, पल्याडच्या शाळंवाले सायकल देतो म्हणलेत. तुमी काय देता?"

"गणित देते," रत्ना म्हणाली.

ज्ञानोबा हसले. भाग्यश्री दाराआडून बघत होती, तिला रत्नाने पुढे बोलावलं. पोरगी तल्लख होती. डिप्लोमाला जायचं म्हणत होती, कुणा मावसबहिणीचं बघून. डिप्लोमाला पुढे सगळं इंग्रजीत, तेव्हा सेमी घेतलेलं बरं. पण ज्ञानोबा मान हलवेनात. "आमच्या गावची तीन पोरं गेल्ती मागं तुमच्या सेमीत. तिन्ही गणितात आपटली. खेड्यातल्या लेकरांला झेपत न्हाई म्हणून तुमच्याच सरांनी सांगितलं. ही पोरगी नववीत नापास झाली की घरचे म्हणतील बास झालं. मंग मलाबी काही बोलता येणार न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडेच तसं म्हणायचे. स्टाफरूममध्ये रत्नाही कधी कधी म्हणायची. पण त्या दिवशी परत येताना तिने बसथांब्यापाशी स्कूटी थांबवून पहिली बस कधी असते ते विचारून घेतलं. जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात ती एका संध्याकाळी त्या गावात मुक्कामाला गेली आणि सकाळी त्या गावच्या पहिल्या एस. टी.ने शाळेत आली. त्या आधी बस नव्हतीच. सोबत भाग्यश्री आणि ज्ञानोबा. दप्तर पुस्तकांनी भरून घ्यायला लावलं होतं. तिने त्याला नाव ठेवलं होतं, रंगीत तालीम. बस शहरात शिरली, रेल्वे फाटकावर थांबली, पुन्हा निघाली... आणि त्या तिघांनी शाळा गाठली तेव्हा परिपाठ होऊन फाटक बंद झालं होतं. सकाळच्या शाळेचा नियम असा, की उशिरा आलेल्यांनी पहिला तास संपेपर्यंत आतल्या कडुनिंबाखाली उभं राहायचं. पहिला तास गणिताचा. सकाळी डोकं ताजं असतं म्हणून.

म्हणजे ती तीन पोरं वर्षभर गणिताच्या तासाला झाडाखाली उभी होती; त्या वर्षी सेमीचं गणित दुसरे सर घ्यायचे, म्हणून रत्नाला पत्ता नव्हता. आणि आम्ही म्हणत होतो, झेपत नाही.

त्या दिवशी रत्ना मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली तेव्हा मी मागे होते. सर तसे वाईट नव्हेत, फक्त त्यांना काहीही बदलायचं म्हटलं की पित्त होतं. गणित तिसऱ्या तासाला घ्या, पहिल्याला चित्रकला, पीटी, काहीही ठेवा, एवढंच ती मागत होती. सर म्हणाले, "मॅडम, वेळापत्रक काय एस. टी. महामंडळाला विचारून करायचं का?" ती म्हणाली, "विचारलं असतं तर बरं झालं असतं, सर. त्यांच्याकडं निदान बस कधी पोचती ते लिवलेलं असतंय." रागावली की तिची जिंतूरची बोली वर यायची. सरांनी फाईल पुढे ओढली. भाग्यश्रीला त्या वर्षी रत्नानेच दुपारी भरणाऱ्या दुसऱ्या शाळेत, त्या सायकलवाल्या शाळेत, सेमीला घालून दिलं. स्वतः जाऊन तिथल्या गणिताच्या बाईंना सांगून आली, ही माझी पोरगी आहे.

आणि पुढच्या मे महिन्यात तिने कहर केला. आम्ही पट वाढवायला गावं फिरत होतो, संस्थेने पेट्रोलला पैसे दिले होते, आणि ही प्रत्येक ओसरीवर बसून सांगत होती, "सेमी घ्यायचं असंल तर आमच्या शाळेत घालू नका. आमच्याकडं गणित पहिल्या तासाला हाय. तुमची बस पोचत न्हाई." लोक आमच्या तोंडाकडे बघायचे. असा प्रचार त्यांनी कधी ऐकला नव्हता. मी स्कूटीवर मागे बसून तिच्या पाठीत बुक्की मारली. म्हटलं, "अगं, सेमीची तुकडी गेली तर तुझीच जागा जाईल. तुला टाकतील कुठंतरी सीमेवर." तिने स्कूटी बाजूला घेतली, थांबवली, मागे वळली. "सुनंदे, माझी जागा वाचवायला दुसऱ्याची पोरगी झाडाखाली उभी करू का? तसं असंल तर तू उतर इथंच." उन्हात मैलभर सावली नव्हती. मी उतरले नाही.

पट घसरला. साहेबांनी बोलावून घेतलं. त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात आम्हा दोघींना उभं ठेवून ते झोपाळ्यावर बसले होते. "मॅडम, पगार कुणाचा खाता?" त्यांनी विचारलं. रत्ना म्हणाली, "सरकारचा." ते खरंच होतं, अनुदानित शाळेत पगार सरकारच देतं, पण ते साहेबांना कुणी तोंडावर सांगत नाही. झोपाळा थांबला. मला वाटलं, आता ही गेली आणि हिच्याबरोबर मीही गेले. साहेबांनी पायाने झोपाळा पुन्हा हलवला. मग म्हणाले, "तुकडी वाचवायला काय करायचं ते सांगा." माणूस धंद्याला हुशार, हे मान्य केलं पाहिजे. तिने सांगितलं. त्या जूनमध्ये सूचना फलकावर वेळापत्रक लागलं, गणित तिसऱ्या तासाला. खाली शाईने लिहिलं होतं, 'प्रायोगिक तत्त्वावर'. रत्नाने स्टाफरूममध्ये स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना गरम भजी आणली आणि सरांना आग्रहाने दोन जास्त खाऊ घातली.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. दर जूनच्या तोंडाला ती रंगीत तालमीला जायची, त्या बसने नवी पोरं आणि त्यांचे आईबाप घेऊन यायची. बसमध्ये शिकवणं चालूच. "अपूर्णांक?" ती ओरडायची. "फ्रॅक्शन," पोरं ओरडायची. "अंश?" "न्यूमरेटर." "छेद?" "डिनॉमिनेटर." कंडक्टर वैतागून म्हणायचा, "मॅडम, ते डिनॉमिनेटर जरा मागं सरकवा, तिकीट काढू द्या." शाळेत आल्यावर नळ कुठे, मुलींचं स्वच्छतागृह कुठे, त्याची कडी लागते की नाही, हे ती आयांना दाखवायची. एका वर्षी कडी तुटलेली निघाली तर तिने सगळ्या आयांना घेऊन तसाच मोर्चा सरांच्या खोलीकडे वळवला. दुपारी सुतार आला. त्या बसची पोरं गणितात पास व्हायला लागली. सगळी नाही. पण नापास झाली ती गणित करून नापास झाली, झाडाखाली उभं राहून नाही. भाग्यश्री डिप्लोमाला आहे. रत्नाच्या मातीला आली होती, कोपऱ्यात उभी होती. ज्ञानोबांनी मला हात जोडले आणि म्हणाले, "लय भांडकुदळ बाई होती बगा." त्या गर्दीत रत्नाबद्दल खरं बोललेला तो एकच माणूस.

मे महिन्यात मी एकटी गावं फिरले. स्कूटी मला येत नाही, बसने आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. प्रत्येक घरात विचारायचे, ढगे मॅडम कुठंयत. मी सांगायची. चहा यायचा, मग मी तिच्यासारखं विचारायला लागायची, पाणी कोण भरतं, बस कधी येते. मला तिच्याइतकं जमत नाही. मला पोरांपेक्षा आयांशीच बोलायला सोपं जातं. तरी त्या बसवरच्या गावांतून सात-आठ पोरींनी सेमीला आमच्याकडे नावं घातली, गणित तिसऱ्या तासाला आहे या माझ्या शब्दावर.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये नवं वेळापत्रक लागलं. गणित पहिल्या तासाला.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "ते ढगे मॅडमच्या आग्रहाखातर होतं. आता नवीन सर आलेत, त्यांना सकाळी बरं पडतं. आणि मॅडम, नावं तर आता दाखल झाली." शेवटचं वाक्य ते हळू आवाजात बोलले. म्हणजे पट भरला, तुकडी वाचली, आता झाड आहेच. शोकसभेत ज्या तोंडांनी 'त्यांचा वारसा पुढे चालवू' म्हटलं, त्याच तोंडांनी तिला महिन्या-दीड महिन्यात 'आग्रह' करून टाकलं. मी खोलीतून बाहेर आले. रत्नासारखं चटकन उत्तर मला सुचत नाही, मला घरी गेल्यावर सुचतं.

घरी गेल्यावर सुचलं. संध्याकाळच्या बसने मी त्या गावात गेले, ज्ञानोबांकडे मुक्काम केला आणि सकाळी पोरींबरोबर पहिल्या एस. टी.त चढले. रेल्वे फाटकावर बस थांबली तेव्हा एक पोरगी घड्याळाकडे बघून रडायच्या बेताला आली. शाळेचं फाटक बंद होतं. शिपाईदादांनी मला बघून घाईने दिंडी उघडली, "मॅडम, तुमी या ना आत. तुमचा तास तिसरा हाय." मी आत गेले आणि पोरींबरोबर कडुनिंबाखाली उभी राहिले. थोड्या वेळाने सर व्हरांड्यात आले. बघितलं, परत आत गेले, पुन्हा बाहेर आले. वर्गांच्या खिडक्यांतून पोरं माना काढून बघत होती. शेवटी सर जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हे काय चाललंय? लोक बघतायत." मी म्हटलं, "उशिरा येणाऱ्यांनी इथंच थांबायचं ना, सर? मी ह्याच बसनं आले." त्यांनी शिपाईदादांकरवी माझ्यासाठी खुर्ची पाठवली. मी विचारलं, बाकीच्यांच्या कुठायत. दादांनी खुर्ची झाडाला टेकवून ठेवली आणि ते हळूच हसले.

त्याला आता दोन आठवडे होत आले; पहिल्या तासाला मी रोज पोरींबरोबर झाडाखाली असते. साहेबांचा निरोप येऊन गेला आहे, मी अजून त्यांच्या व्हरांड्यात गेलेले नाही. दुपारी पोरींना गणित दाखवायला भाग्यश्री तिच्या कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी येते. हा मजकूर छापून येईल तेव्हा तो कुणी कुणी वाचावा याची मला चांगली कल्पना आहे, त्यांच्यासाठीच तो लिहिला आहे. काल झाडाखाली नुसतं उभं राहून कंटाळा आला म्हणून मी, मराठीच्या बाईने, विचारलं, "अपूर्णांक?" पोरींनी असं काही ओरडून उत्तर दिलं की पहिल्या तासाचे नवीन सर खडू हातात घेऊन दारात आले. ती रडवेली पोरगी मला म्हणाली, "मॅडम, तुमी रोज आमच्यासंगं हितं थांबणार हाव का?"

"गणित तिसऱ्या तासाला जाईस्तोवर," मी म्हटलं.